तानाकाकूचा खड्डा

“ज्याच्या घरच्या नळाला मोटर नाही, त्यानं हात वर करावा! आहे का कोणी?”

हा प्रश्न मी भर ग्रामसभेत विचारला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्याच मैदानात आमच्या गावाची सभा भरते. त्या सकाळी माझं भाषण झालं होतं, भाषणाला पहिला नंबर आला होता आणि मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. माझ्या मैत्रिणीला, डिंपलला, ते बघवेना.

“पाठ केलेलं त पोपटबी बोलते,” ती म्हणाली. “हिंमत असन त आता बोल. सरपंचासमोर.”

“आन असं विचार का साऱ्यायचे तोंडं पाह्यासारखे झाले पाह्यजे,” छकुलीनं भर घातली. “नाई विचारलं त वर्षभर माह्यं दप्तर तू उचलशीन.”

प्रश्न तिघींनी मिळून बनवला. उभं राहायचं काम माझं.

शेवटी विचारला. आमचं गाव डोणगावपासून अर्ध्या तासावर. अर्धं सपाटीवर, अर्धं टेकडीवर. टेकडीवरच्या वस्तीला टेकडीपुरा म्हणतात. पाण्याची टाकी खाली, शाळेजवळ. नळ आठवड्यातून एकदा येतो. तो आला की खालची घरं नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढतात आणि वर आमच्यापर्यंत येते ती नुसती हवा. नळ फुस्स करतो, थुंकतो आणि बसतो. हे सगळ्यांना माहीत होतं. पण बोलायचं नसतं, लग्नात आहेर कोणी किती केला हे जसं मोठ्यानं बोलायचं नसतं तसं.

दोनच हात वर आले. एक माझ्या पप्पांचा, एक तानाकाकूचा. दोघंही टेकडीपुऱ्याच्या शेवटाचे. आमचं घर सगळ्यात वर, आमच्या खालचं तानाकाकूचं. तानाकाकू म्हणजे डिंपलची आई. नवरा वारलेला, शेजाऱ्यापाजाऱ्याच्या शेतात मिरच्या तोडून दोघींचं चालवायची.

“बस वं पोरी खाली,” सरपंच नारायणराव म्हणाले. त्यांचं घर टाकीच्या अगदी बुडाला. “हे काय शाळा हाय का?”

“शाळाच हाय ना काका!” छकुली मागून ओरडली आणि सगळं मैदान हसलं. त्या हसण्यानंच काम केलं. बाया बोलायला लागल्या, मग माणसं भांडायला लागली, आणि भांडण वाढलं तेव्हा म्हातारे महादेवराव काठी टेकत उठले.

“मनाई करून कोनी आयकत नाई,” ते म्हणाले. “उचला बेलभंडारा.”

बेलभंडारा म्हणजे देवासमोर तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन केलेली शपथ. पूर्वी बांधाच्या भांडणात उचलायचे म्हणे. मोडली तर घराला भोवते असं आमच्याकडे मानतात, मोबाईलवर दिवसभर रील बघणारी पोरंसुद्धा मानतात. सगळं गाव उठून महादेवाच्या देवळात गेलं. घरटी एका कर्त्या माणसानं बेल उचलला. नळाला मोटर लावणार नाही. पप्पांनी उचलला तेव्हा मी इतकी ताठ उभी होते की छकुली म्हणाली, “मोडशीन.”

तानाकाकूची वेळ आली तेव्हा कोणीतरी कुरकुरलं, बाईनं कसा उचलायचा.

“पानी मी भरतो,” तानाकाकू म्हणाली, “त शपथ काय माह्या बकरीनं घ्यावी?”

आणि उचलला.

पाणी आमच्या घरी किती लागत होतं ते सांगायला पाहिजे. दिवाळीनंतर आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. इतकी वर्षं डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन टेकडी चढून चढून तिचं पोट खाली उतरलं होतं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आता तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही, टाके गेले तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. मग पाणी माझ्याकडे आलं. शाळेच्या आधी दोन खेपा, शाळेनंतर जेवढ्या होतील तेवढ्या. पाण्याच्या दिवशी शाळाच बुडायची.

आणि खड्डे. टेकडीपुऱ्यात अंगणात फुलझाडं नसतात, खड्डे असतात. पाण्याला जोर नसला की नळ खाली घ्यायचा, म्हणजे थोडं जास्त येतं. म्हणून मुरूम खणायचा, नळाची तोटी खड्ड्यात उतरवायची. शेजाऱ्यानं गुडघाभर खणला की आपण कमरेइतका. तानाकाकूचा खड्डा कमरेच्या वर होता, आत उतरायला तिनं दोन पायऱ्या कोरल्या होत्या. आत उभं राहून ती लोट्यानं भरायची आणि डिंपल वरून बादली ओढायची. आमचा नळ तिच्याच नळाच्या पुढं जोडलेला. जुना लोखंडी पाईप तिच्या अंगणातून निघून दगडांमधून वर आमच्या खड्ड्यात यायचा. आमच्या ओट्यावरून तिचं अंगण परातीसारखं दिसतं. डिंपल काय खाते तेसुद्धा मला दिसायचं.

शपथेनंतर पहिला पाण्याचा दिवस आला. नळानं फुस्स केलं, थुंकला, आणि मग करंगळीएवढी धार धरली ती सोडेना!

“समीक्षे, आलं का वं वर?” खड्ड्यातून तानाकाकू ओरडली.

“आलं काकू! आलं!”

“मंग नाच ना! तुह्याच प्रश्नाचं हाय!”

मी खरंच नाचले. डिंपल वर पळत आली आणि आम्ही दोघींनी एक अख्खा लोटा एकमेकींवर उडवला, त्यासाठी आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि शिव्या देता देता आई रडली. गावात मला मोटरवाली म्हणायला लागले. दुकानात गेलं की कोणीतरी म्हणायचं, “आली पाहा मोटरवाली, हात वर करा बे!” मला वाटलं, आपण आता काहीही करू शकतो. कलेक्टर होऊ शकतो. त्याआधी दहावी पास व्हायचं राहिलं होतं तेवढंच.

दुसऱ्या आठवड्यातही धार आली. तिसऱ्यात बारीक झाली. पुढच्या खेपेला नळ फुस्स करून बसला. आईला त्या दिवशी राहवलं नाही, ती अर्धी बादली घेऊन ओटा चढली आणि पोट धरून खाली बसली.

“कोणीतरी बेल मोडला!” मी अंगणात उभी राहून ओरडले, खालच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल असं. “कोण हाय ते सांगा!”

कोणी सांगितलं नाही. पप्पा आईला धरून आत नेत होते.

त्याच्या पुढच्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी पप्पा म्हणाले, “तू शाळेत जाय. पुढच्या वर्षी दहावी हाय तुही. पानी मी भरतो.”

“पन येनार नाई.”

“येईन. जाय तू.”

आणि घरी आले तर ड्रम भरलेला, टाकं भरलेलं, घागरीसुद्धा. माझ्या आनंदाला भरतंच आलं. मी त्याचा अर्थ असा लावला की माझं ओरडणं ऐकून मोडणारा घाबरला. छकुलीला तसं सांगितलंही, थोडं मीठमसाला लावून. तेव्हापासून दर खेपेला आमचे ड्रम भरायला लागले आणि दर पाण्याच्या दिवशी टेकडीपुऱ्यात गाणी वाजायला लागली. घराघरात मोबाईल, स्पीकर, कोणाकडे भक्तिगीतं, कोणाकडे लग्नातली. आमच्या घरीही पप्पा लावायचे. मला वाटायचं, पाण्याच्या खुशीत लोक गाणी लावतात. डिंपलला मी म्हटलंसुद्धा, आपल्या गावात आता पाण्याचा सण झाला.

तानाकाकूकडे मात्र पाणी कमी झालं होतं.

“तुमाले बरं पुरते वं,” ती एकदा मला म्हणाली. “वरच्याले भेटते आन मधातल्याले नाई. गंमतच हाय.”

“खड्डा अजून खोल करा काकू.”

“करतो ना. अजून दोन हात खनला का डायरेक पाताळातून येते.” आणि हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते, हसताना पदर तोंडावर घ्यायची.

ती शनिवारची गोष्ट. शाळा सकाळची होती आणि पाणीही उशिरा सुटलं होतं. डिंपल आणि मी दुपारी सोबतच टेकडी चढलो. पुऱ्यात गाण्यांचा नुसता कल्ला. डिंपल तिच्या फाटकातून आत वळली, मी वरच्या वाटेला लागले. आमच्या ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि खालून डिंपलची किंकाळी आली.

मी ओट्याच्या काठावर धावले. खाली तानाकाकू खड्ड्यात उभी होती. उभी म्हणजे नळाला धरून होती. एक हात तोटीवर, मान एका बाजूला, अंग थरथरत होतं. नळातून पाणी चालूच. डिंपल खड्ड्याच्या काठावर आडवी होऊन तिचा दंड धरायला गेली आणि झटका बसून मागं पडली.

“करंट हाय! मेन बंद करा! मेन बंद करा कोनीतरी!”

पण तिच्या अंगणात वायरच नव्हती. ना दिवा, ना बटण. मेन कशाचा बंद करायचा?

तेव्हा मी मागं पाहिलं. पप्पा आमच्या खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते. खड्ड्यात, नळाच्या तोटीजवळ, ओलं पोतं पांघरलेलं काहीतरी होतं आणि त्याच्याखालून काळी वायर घरात गेली होती. गाण्याच्या खालून एक घुमणारा आवाज येत होता; इतक्या जवळ आल्यावरच ऐकू येत होता. पप्पांनी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

खाली तानाकाकूचा हात तोटीवरून सुटला. ती बसल्यासारखी खड्ड्यात गेली.

मी तिथंच उभी होते. वर बटण आणि खाली हात, दोन्ही एकाच वेळी मी पाहिलं. दुसऱ्या कोणाला ते दिसण्यासारखं नव्हतं.

रिक्षा आली, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं बाहेरच सांगितलं, जीव गेला. संध्याकाळी पोलीस आले तोवर टेकडीपुऱ्यात एकही गाणं वाजत नव्हतं. नंतर मला समजलं की त्या एका तासात घराघरातून मोटरी निघाल्या. कोणी गहू ठेवायच्या कोठीत टाकली, कोणी शेणकुटाखाली. आमची पप्पांनी कडब्याच्या गंजीत खुपसली. खाली सरपंचाचीही म्हणे पुन्हा लागली होती. शपथ घेतल्यावर दोन महिनेसुद्धा कोणाला दम निघाला नव्हता, आणि जिला निघाला ती आता पांढऱ्या कापडात होती.

पण पंचनाम्यात प्रश्न उरला. बाईला झटका बसला, मग करंट आला कुठून? वायर नाही, बोर्ड नाही. गावानं त्याचं उत्तर दोन दिवसांत शोधलं. मोटर असणारच. लपून लावत होती. पोलीस यायच्या आधी पोरीनं गायब केली. आणि बेल उचलून मोटर लावली म्हणून देवानं हिशेब केला.

हे बोलायला सगळ्यांना सोपं पडलं. ज्यांच्या घरी मोटरी लपवलेल्या होत्या त्यांना तर जास्तच.

डिंपल दुकानात गेली की बाया बोलता बोलता थांबायच्या. तेरवीला तिच्या मामांनी स्वयंपाक केला, मांडव टाकला. शपथ मोडलेल्या घरचं कोण जेवणार? पत्रावळ्या तशाच राहिल्या. वरण संध्याकाळी बकरीला घातलं. पप्पा मात्र गेले. एकटेच पंगतीला बसले, दोन घास खाल्ले आणि घरी येऊन सगळं ओकले.

त्या संध्याकाळी डिंपल आमच्या पायरीवर येऊन बसली. मी पण बसले. ती नखानं पायरीचं सिमेंट उकरत होती.

“सोमवारी इजेचा निरीक्षक करंटची चौकशी कराले येनार हाय,” ती म्हणाली. “मंगळवारी मामा मले त्याच्या गावाले, बीबीले, घेऊन जाऊन राह्यला. मी जातो. इथं कोन हाय माह्यं? पन माही माय चोर नोती, समीक्षा. एवढं कोनीतरी म्हनलं पाह्यजे ना.”

मी मान हलवली.

“तू म्हन. तुमच्या ओट्यावरून सारंच दिसते. आमच्या घरी मोटर नोती, हे तुले मालूम हाय. माह्यं कोन आयकते? तुहं आयकतात. तूच सभेत उभी राह्यली होती ना?”

“हो,” मी म्हटलं.

“म्हनशीन?”

“हो.”

ती गेली. मी आत आले. आई चुलीपाशी होती, पप्पा भिंतीला टेकून. गेले तेरा दिवस ते असेच बसायचे. दाढी वाढलेली, भाजीचे वाफे वाळून चालले तरी शेतात गेले नव्हते.

“डिंपल आलती,” मी म्हटलं.

“आयकलं,” आई म्हणाली.

“तिले खरं सांगायचं हाय.”

आईचा हात थांबला. “काय खरं? तिच्या घरी मोटर नोती हे सांग ना तिच्याकून. बरोबरच हाय ते. खोटं थोडी हाय?”

“मंग ते विचारतीन, करंट कुठून आला?”

“म्हनाव मले मालूम नाई.”

“मले मालूम हाय, आई.”

पप्पा बोलले. त्यांचा आवाज इतक्या दिवसांत मी नीट ऐकला नव्हता, घोगरा झाला होता. “मले वाटलं, पोतं ओलं करून टाकलं त गरमबी होनार नाई आन आवाजबी जानार नाई. शपथ घेतली होती ना. आवाज गेला असता त तोंड दाखवाले जागा राह्यली नसती.” त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. “त्या पोत्याचंच पानी मोटरीत गेलं. लोखंडाचा पाईप. आपला आन तिचा एकच.”

“माह्यासाठी आनली त्यायनं,” आई म्हणाली. “माह्या या पोटासाठी. त्या दिवशी मी बादली उचलली नसती त आनली नसती. साऱ्या गावानं बेल मोडला, पोरी. साऱ्यायच्या घरी मोटरी होत्या. एकट्या तुह्या बापानंच जेलात जायचं का?”

“साऱ्यायच्या होत्या. पन तिच्या नळाले आपली होती.”

“सांगून तानाबाई वापस येईन का?”

“नाई येनार.”

“मंग? मी पानी उचलू शकत नाई, हे जातीन आतमधी, शेत कोन पाह्यन? तुही परीक्षा हाय. तू काय करशीन, पानी भरशीन का दहावी करशीन?”

मला खरंच वाटलं होतं की बोललं की सगळं सरळ होतं. मैदानात उभं राहून मोठ्यानं प्रश्न टाकायचा, लोक हसतात, धार येते. इथं तसं काही होणार नव्हतं. बोललं की आमचं घर मोडणार होतं. नाही बोललं तर तानाकाकू कायमची चोर राहणार होती, आणि डिंपल चोराची पोरगी म्हणून बीबीला जाणार होती, माझ्यावर भरवसा ठेवून.

“तिच्या मयतीत तुमी खांदा देला, पप्पा,” मी म्हटलं. “मी पाह्यलं. तुमी चार पावलं चालून बसून गेले.”

पप्पांनी मान खाली घातली. आई काहीतरी बोलणार होती, ते हातानं नको म्हणाले.

“तुमी जानून केलं नाई, हे मी पहिलं सांगीन,” मी म्हटलं. “आईच्या ऑपरेशनचं सांगीन. साऱ्या पुऱ्यातले गाने सांगीन, कोनाच्या घरी काय वाजत होतं तेबी. पन मोटर आपली होती हे सांगीन. ते मी दाबनार नाई.”

“समीक्षा—” आई म्हणाली.

“सोमवारची वाट पाहनार नाई मी. निरीक्षकाच्या तोंडून तिनं आयकू नये. आत्ता चालली मी डिंपलच्या घरी, पहिलं तिले सांगतो. मंग सोमवारी साऱ्या गावासमोर सायबाले. पप्पा, तुमी संग येत असान त चपला घाला. नाई त मी एकटी जातो.”